गर्दी नसलेले गाव

गर्दी नसलेली जागा शोधणाऱ्यांचीच हल्ली जगात फार गर्दी झाली आहे. त्या गर्दीत गेल्या दिवाळीत आमच्या घरचाही एक इसम सामील झाला. भाऊबीजेच्या दिवशी जेवता जेवता तो असे काही बोलून गेला की, आक्काच्या हातातली करंजी हातातच राहिली.

"आई, मी डिसेंबरनंतर नागपूर सोडतोय. बर्फाच्या डोंगरात राहायला जाणार आहे."

हा इसम म्हणजे माझा भाचा, आक्काचा एकुलता एक मुलगा. वय वर्षे अठ्ठावीस. काम संगणकाचे. कंपनी पुण्याला, साहेब बंगलोरला आणि हे चिरंजीव नागपूरच्या घरी, अशी त्रिस्थळी यात्रा २०२० साली करोनाच्या दिवसांत सुरू झाली, ती अजून संपलेली नाही. त्यातच मागे एकदा तो हिमालयात औलीला स्कीइंग शिकायला म्हणून गेला. चौदा दिवसांनी परत आला तेव्हा नाकाची साल निघालेली होती आणि डोके कायमचे फिरलेले होते.

"घसरायला एवढ्या लांब कशाला जायचं?" आक्का म्हणाली. "श्रावणात आपल्या अंगणात ये. फुकट घसरशील."

पण विनोदाने टळेल असे ते प्रकरण नव्हते. भाचेबुवांनी अटींची यादीच केली होती. बर्फ हवा, बर्फाला चांगला उतार हवा, उताराजवळ स्वस्त खोली हवी, खोलीत वीज आणि इंटरनेट हवे, कारण दिवसाचे आठ तास कंपनीचे, आणि एवढे सगळे असूनही भोवती माणसे मात्र नकोत. लहानपणी गोष्टींतल्या राजकन्या लग्नासाठी असल्याच अटी घालीत असत. फरक इतकाच की, राजकन्यांना शेवटी कुणीतरी राजपुत्र भेटे.

मी त्याला म्हटले, "बाबा रे, मला समजावून सांग. अशी जागा आहे तरी कुठे?"

मग त्याने मला समजावले, आणि पुढचे आठ दिवस आम्ही मामाभाचे घरबसल्या हिमालय पालथा घालीत होतो. आपल्याकडे हा खेळ आणला इंग्रजांनी. गुलमर्गला त्यांचा स्की क्लब निघाला १९२७ साली. स्वातंत्र्यानंतर १९६८ साली तिथेच सरकारने शिक्षणसंस्था काढली. १९९८ साली तारेवरचा पाळणा सुरू झाला, २००५ साली तो आणखी वर नेला, आणि आता माणूस बसल्या जागी जवळजवळ चार हजार मीटर उंचीपर्यंत जातो. साहजिकच गुलमर्गला गर्दी. बरे, ज्या बर्फासाठी गर्दी, त्या बर्फाचाही भरवसा राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये तिथले उतार चक्क उघडे पडले होते. बर्फ नाही म्हणून पाहुणे नाहीत, पाहुणे नाहीत म्हणून काम नाही.

औलीचे दुखणे वेगळे. औलीला जायचे ते जोशीमठावरून. जानेवारी २०२३ मध्ये त्या जोशीमठाची जमीनच खचू लागली, शेकडो घरांच्या भिंतींना तडे गेले, कुटुंबेच्या कुटुंबे हलवावी लागली आणि औलीला जाणारा चार किलोमीटरांचा पाळणा बंद करावा लागला.

"म्हणजे मामा, हिशेब असा आहे," भाचा म्हणाला, "गर्दी असली तर खोली परवडत नाही, आणि गर्दी नसली तर ती जागा का रिकामी आहे, याची चौकशी करावी लागते."

या हिशेबावर जगातल्या भल्याभल्यांनी हात टेकले आहेत. स्वित्झर्लंडसारख्या बर्फाच्याच जिवावर श्रीमंत झालेल्या देशात बाहेरच्यांनी सुट्टीपुरती घरे घेतली, ती वर्षातले दहा महिने कुलपात, आणि गावच्या माणसाला मात्र राहायला जागा नाही, असे झाले. शेवटी २०१२ साली तिथल्या लोकांनी मतदान करून ठरवले की, कोणत्याही गावात असल्या घरांचे प्रमाण शेकडा वीसच्या वर जाऊ द्यायचे नाही.

थंड हवेच्या ठिकाणी राहायचे आणि कामही करायचे, ही हौस आमच्या घराण्याला नवी नाही. आमचे आजोबा इंग्रजी अमदानीत नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. तेव्हा मध्यप्रांताचे सरकार उन्हाळ्यात पचमढीला जाई. सरकारबरोबर फायली जात आणि फायलींबरोबर आजोबा जात. पचमढीबद्दल त्यांना कधी विचारले की ते एवढेच सांगत, "शाई लवकर वाळत नसे." त्या रम्य गिरिस्थानाचे एवढे एकच वर्णन आमच्या घरात वारसाहक्काने चालत आलेले आहे.

माझी स्वतःची गोष्ट मी भाच्याला त्या दिवशी सांगितली नाही. ती पुढे येईल. मी त्याला एवढेच म्हणालो, "बर्फाचं नंतर पाहू. गर्दी नसलेल्या जागी तुला राहता येतं का, ते आधी पाहू. चल माझ्याबरोबर आंबागडला."

आंबागड भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात. मी बँकेच्या नोकरीत असताना तीन वर्षे तुमसरला होतो. तुमसर ही तांदळाची बाजारपेठ. आठवडाभर धानाच्या व्यापाऱ्यांचे हिशेब पाहायचे आणि रविवारी सायकल काढून आंबागडच्या टेकड्यांकडे जायचे, हा माझा शिरस्ता. महाबळेश्वर लोकांनी पाहावे. माझे महाबळेश्वर ते. तिथे पायथ्याशी एका गृहस्थांशी ओळख झाली. ते मँगनीजच्या खाणीत कामाला होते आणि घरचे चार एकर धान होते. ती ओळख चाळीस वर्षे टिकली. त्यांना निरोप धाडला, तर उलट निरोप आला, "या ना जी. खोली रिकामीच आहे."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. हावड्याच्या वाटेने जाणारी गाडी भंडारा रोड मागे टाकून तुमसर रोडला थांबते. तिथून पुढे एका जीपगाडीतून गावाकडे. कापणी उरकली होती. बांध्यांतून धानाची खुंटे उभी होती, खळ्यावर मळणी चालली होती, आणि वाटेतल्या तळ्यात शिंगाडे काढणारी माणसे छातीइतक्या पाण्यात उभी होती. भाचा खिडकीतून पाहत होता. एक तासभर त्याने मोबाइलला हात लावला नाही, ही मी चांगली खूण समजलो.

यजमानांनी आम्हाला दिलेली खोली त्यांच्या मुलाची. खिडकी पूर्वेला. भिंतीवर सहा वर्षांपूर्वीचे कॅलेंडर, खुंटीला शाळेचे दप्तर, कोपऱ्यात एक बॅट आणि फळीवर दहावीची पुस्तके. काकूंनी गादीवर नवी चादर घातली होती, पण दप्तर मात्र हलवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही गडावर गेलो. हा गड साधारण १७०० सालच्या सुमारास बांधला गेला. देवगडच्या गोंड राजाचा, बख्त बुलंदाचा अधिकारी राजाखान पठाण याने तो बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला. आता वर चढायला पायऱ्या आहेत. तट आणि बुरूज अजून उभे आहेत. वरून पाहिले की एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या आणि मधूनमधून उन्हात चमकणारी तळी. माणूस एकही नाही.

"मामा, हे तर अगदी मला हवं तसं आहे," भाचा म्हणाला. "फक्त बर्फ तेवढा नाही."

मी त्याला गडावरच्या विहिरीची गोष्ट सांगितली. भोसल्यांनी हा गड तुरुंग म्हणून वापरला. आतल्या विहिरीचे साचलेले पाणी कैद्यांना प्यायला लावीत आणि त्या पाण्यानेच ते मरत, असे जुन्या गॅझेटियरात नोंदलेले आहे.

"त्यांनाही ही जागा गर्दी नसलेली म्हणूनच पसंत पडली असणार," मी म्हणालो. "तू जी सुखाची म्हणून शोधतोस, ती एके काळी शिक्षेची होती. फरक एवढाच की, तुला खाली उतरता येतं."

तो हसला, पण त्याने ते मनात ठेवले.

तीन आठवडे राहिलो. भाचेबुवांचा दिनक्रम ठरून गेला. सकाळी शेकोटीपाशी चहा, मग खिडकीतल्या उन्हात बसून कंपनीचे काम. इंटरनेटची रेघ घरात कधी मिळे, कधी रुसे. रुसली की तो संगणक बगलेत मारून पायऱ्यांवर जाऊन बसे. पहिल्या दिवशी बकऱ्या राखणारी पोरे त्याच्याभोवती जमली. दुसऱ्या दिवशी तीही कंटाळून गेली. जेवायला ताजा भात, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. रात्री अशी थंडी की दोन गोधड्या कमी पडाव्या.

एका संध्याकाळी अंगणात बसलो असताना तो यजमानांना म्हणाला, "काका, तुमचं गाव फार छान आहे. अजिबात गर्दी नाही."

यजमान शेकोटीत काटकी सारीत होते. ते म्हणाले, "नाही कशी जी? होती ना. हे पोट्टे काय आभाळातून पडले का नागपुरात अन् पुण्यात? इथची गर्दी तुमच्याकडं गेली, अन् आता तुमची गर्दी इकडं खोली पाहून राहिली."

ते रागाने बोलले नव्हते. आज हवा पडली आहे असे सांगावे, तसे बोलले. पण मी एकदम गप्प झालो, आणि भाचाही.

त्यांचा मुलगा पुण्याजवळ एका कारखान्यात यंत्रावर आहे. आसपास मँगनीजच्या खाणी आहेत, चिखल्याला आहे, डोंगरी बुजुर्गला आहे; तिथल्या दगडाशिवाय टॉर्चच्या सेलाचा कारखाना अडून राहावा, असा तो माल. पण खाणीत आता माणसांइतकीच यंत्रे आहेत, आणि चार एकर धानावर दोन पिढ्या पोसत नाहीत. पोरगा गेला. इथे असा मजेदार घोटाळा झाला होता की, ज्याची कचेरी पुण्याला तो आंबागडला बसला होता, आणि ज्याचे घर आंबागडला तो पुण्याला.

पुढच्या रविवारी त्या मुलाचा फोन आला, चित्र दिसणारा. काकूंनी तो प्रत्येकाच्या तोंडापुढे फिरवला. पलीकडे एक खोली दिसली. सहा खाटा, दोरीवर सहा जणांचे कपडे. त्याने भाच्याला ओळखपाळख नसताना एकदम विचारले,

"दादा, तुमी माया खोलीत राहता ना? सकाळी खिडकीतून ऊन येते का अजून?"

"येतं," भाचा म्हणाला. "साडेसातला येतं. थेट उशीवर येतं."

"हो, उशीवरच येते," तो मुलगा म्हणाला, आणि हसला. मग जरा वेळ दोघांपैकी कुणीच काही बोलेना. काकूंनी फोन परत घेतला आणि जेवलास का म्हणून विचारले.

त्या रात्री भाच्याला झोप लागली नाही. मलाही नाही. काळोखात तो म्हणाला, "मामा, मी गेलो तर आईच्या घरात अशीच एक खोली होणार. दप्तर न हलवलेली."

आता माझी गोष्ट सांगणे भाग होते. मी तुमसरला गेलो तो काही हौसेने नव्हे. त्या वेळी मला चिखलदऱ्याची जागा मिळत होती. मेळघाटातले थंड हवेचे ठिकाण, कॉफीचे मळे, पावसाळ्यात खिडकीतून आत येणारे ढग. त्या वयात मला त्याहून अधिक काही नको होते. पण वडील नुकतेच वारलेले, आई नागपुरात एकटी. तुमसरहून शनिवारच्या गाडीने घरी येता येई. मी तुमसर घेतले.

"पस्तावलास?" भाच्याने विचारले. काळोखात असले प्रश्न विचारता येतात.

"नाही," मी म्हणालो. पण उत्तर द्यायला मला वेळ लागला, हे त्यानेही ओळखले असावे.

नागपुरात परतल्यावर मी आक्काला गाठले. म्हटले, तूच त्याला सांग. तू राहा म्हणालीस तर तो राहील. आईसाठी मी राहिलोच की नाही?

आक्का भाजी निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, "राहिलास. आणि ते आईला किती वेळा ऐकवलंस?"

"मी? कधीच नाही."

"दर उन्हाळ्यात. पंखा बंद पडला की म्हणायचास, चिखलदऱ्याला असतो तर. तू विसरलास. आई विसरली नव्हती." मग तिने मुलाला हाक मारली आणि माझ्यादेखत सांगितले, "तू जा. माझ्यासाठी राहिलास, असं मला जन्मभर ऐकायचं नाही. आणि आईमुळे परत यावं लागलं, असंही ऐकायचं नाही. यायचं तेव्हा तुझ्या मनानं ये."

एवढे बोलून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मेथीची अर्धी जुडी मी निवडली. चाळीस वर्षे उराशी धरलेला माझा त्याग त्या दिवशी मेथीच्या काड्यांबरोबर केरात गेला, आणि खरे सांगतो, हलके वाटले.

भाचा जानेवारीत गेला. औलीत नव्हे, औलीच्या खालच्या अंगाला एका खेड्यात त्याला खोली मिळाली. पहाटे बर्फात, दिवसभर संगणकावर, रविवारी नव्या शिकणाऱ्यांना हात धरून उभे करायचे, असा त्याचा क्रम. खोली स्वस्त, गाव शांत. महिन्याभराने त्याचे पत्र आले. पत्र म्हणजे मोबाइलवरच, पण लांबलचक, मायन्याला 'ती. मामांस' वगैरे सगळे यथास्थित.

"मामा," त्याने लिहिले होते, "मला हवे होते तसे गाव मिळाले. गावात बावीस घरे, त्यांतल्या तेरांना कुलपे. घरमालकीण सत्तरीच्या आहेत. त्यांचा मुलगा डेहराडूनला नोकरीला असतो. मी त्याच्याच खोलीत राहतो. इथेही भिंतीवर जुने कॅलेंडर आहे. मी ते काढलेले नाही. बाजारात गेलो की त्यांची औषधे आणतो. त्या मला नावाने हाक मारीत नाहीत, 'बेटा' म्हणतात. आणि दोनदा चुकून मुलाच्या नावाने हाक मारली, तेव्हा मी ओ दिली."

त्या डोंगरांतून माणसे इतकी उतरून गेली आहेत की, उत्तराखंड सरकारला २०१७ साली त्यासाठी खास पलायन आयोग नेमावा लागला. २०११ नंतरच्या काही वर्षांतच सातशेहून अधिक गावे निर्मनुष्य झाल्याची नोंद त्या आयोगाने २०१८ साली केली. गर्दी नसलेल्या जागा शोधणाऱ्याने ती यादी जरूर पाहावी. त्याला हवी तेवढी गावे तीत मिळतील. फक्त प्रत्येक गावात पाऊल टाकताना, इथली माणसे कुठे गेली, एवढे एकदा विचारावे.

इकडे आक्काच्या घरातली खोली रिकामी पडली. आक्का रोज ती झाडी आणि पुन्हा दार लावून घेई. मार्चमध्ये आंबागडहून फोन आला. यजमानांची धाकटी नात परिचारिकेच्या शिक्षणासाठी नागपूरला यायची होती. वसतिगृहात जागा नव्हती, आणि एकट्या मुलीला कुठे ठेवावे, ही चिंता. त्यांनी मला नुसते विचारले होते की, ओळखीचे कुणी आहे का जी?

मी आक्काकडे गेलो. ती म्हणाली, "विचारायचं काय त्यात? त्यांच्या घरी माझा मुलगा तीन आठवडे राहिला."

मुलगी जूनमध्ये आली. एक ट्रंक, एक तांदळाची गोणी आणि काकूंनी दिलेली जवसाची चटणी घेऊन आली. पहिल्या रात्री तिने आक्काला विचारले की, या कपाटातल्या पुस्तकांचे काय करू? आक्का म्हणाली, "असू देत तिथंच. तुझी खालच्या फळीवर ठेव."

भाचा एप्रिलच्या अखेरीस बर्फ वितळल्यावर आला. पावसाळाभर तो बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपला आणि एका शब्दाने कुरकुरला नाही. येत्या जानेवारीत पुन्हा जाणार म्हणतो. आक्का आता लोकरीचे मोजे विणते आहे, दोन जोड. दुसरा जोड कुणाचा म्हणून विचारले, तर म्हणाली, "त्याच्या त्या घरमालकिणीचा. तिचे पाय गार पडत असतील."

परवा यजमानांचा निरोप आला. दिवाळीला मुलगा पुण्याहून यायचा आहे, चार दिवसांची रजा मिळाली आहे. तेव्हा यंदा आमची खोली रिकामी नाही, राग मानू नका, दिवाळी झाल्यावर या.

राग कसला? मी उलट कळवले की, यंदा तुमच्याकडे गर्दी आहे हे वाचून फार आनंद झाला.